ठशावरच्या तड्याबद्दल आभार

इंदूर

आदरणीय काका यांस,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये असे आपण निक्षून सांगितले आहे, म्हणून या जाहीर पत्रातही मी आपल्याला नुसते काका म्हणते. मोबदला आपण घेतला नाहीत. तेव्हा गेल्या तीन महिन्यांत माझ्या आजोबांच्या पितळी बिल्ल्यांविषयी (टोकन म्हणून चालणाऱ्या चकत्यांविषयी) आपण मला जे दाखवून दिलेत ते नीट लिहून काढणे, एवढाच आभार मानण्याचा मार्ग माझ्यापाशी उरला आहे.

आजोबा इंदुरातल्या एका कापड गिरणीत कामाला होते. त्यांच्या मागे पत्र्याच्या डबीत ४१ बिल्ले निघाले. काहींच्या दर्शनी बाजूस ‘चहा’, काहींच्या ‘दूध’, तर काहींवर नुसता क्रमांक. मागे मात्र सगळ्यांवर एकच वेलबुट्टी आणि मधोमध ‘श्री’. मागची बाजू सारखी, म्हणजे बिल्ले एकाच गिरणीचे, असा निष्कर्ष मी काढला होता आणि त्यावर पंधरा पानेही लिहून झाली होती. आपण ती पाने शांतपणे वाचलीत, मिटून बाजूला ठेवलीत आणि कपाटातून देवास संस्थानचे १८८८ सालचे दोन पाव आणे काढून माझ्या हातावर ठेवलेत, एक थोरल्या पातीचा आणि एक धाकट्या पातीचा (पाती म्हणजे त्या संस्थानाच्या दोन शाखा).

दोन्हींवर व्हिक्टोरिया राणीचा तोच मुखवटा होता, संस्थानाचे नाव तेवढे मागच्या बाजूस होते. त्याच्या आदल्या वर्षीच्या, १८८७ च्या धारच्या पैशावरही हाच प्रकार असल्याचे आपण दाखवलेत. देवासच्या दोन आणि धारची एक, पवारांच्या या तिन्ही गाद्या वेगळ्या आणि त्यांचे कारभारही वेगळे. पण संस्थानी नाण्यांविषयीच्या १८७६ च्या कायद्यान्वये त्यांची ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली, म्हणून दर्शनी बाजू एक झाली. ठसा, म्हणजे नाणे पाडायचा कोरीव पोलादी साचा, सारखा निघाला तर त्यावरून पाडणाऱ्याचा पत्ता लागतो, चालवणाऱ्याचा पत्ता दुसरीकडे शोधावा लागतो, हे आपले वाक्य मी त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. माझ्या पंधरा पानांतली मुख्य चूक तीच होती. बिल्ले पाडणारा कारागीर मागच्या बाजूचा एखादा ठसा तयार ठेवतो आणि गिऱ्हाईक बदलले की पुढचा तेवढा नवा कोरतो, ही धंद्यातली साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती.

त्याहून बारीक गोष्ट आपण पुढच्या भेटीत सांगितलीत. चित्र सारखे दिसले म्हणून ठसा तोच, असेही म्हणता येत नाही. मोठ्या टांकसाळीत एका मूळ नमुन्यावरून दाबून कामाचे अनेक ठसे काढतात आणि ते सगळे एकमेकांसारखेच असतात. तोच ठसा ओळखायचा तर त्याची स्वतःची दुखापत शोधावी लागते. पोलाद मऊ असताना त्यावर उलटी अक्षरे कोरतात, मग ते तापवून त्याला पाणी देतात, म्हणजे एकदम थंड करून कडक करतात. पाणी जास्त झाले की ठसा ठिसूळ होतो, कमी पडले की मध्यभाग दबतो. ठशाला तडा गेला की पितळ त्या फटीत शिरते आणि बिल्ल्यावर उंच रेघ उमटते. ठसा गंजला की गंजाच्या खळग्यांच्या जागी बिल्ल्यावर बारीक पुटकुळ्या येतात. वापरताना पडलेला ओरखडा मात्र खोल असतो. उंच रेघ ठशाची आणि खोल रेघ खिशातली, एवढे कळल्यावर दहा पटींच्या भिंगाखाली, तिरप्या उजेडात, मी ४१ बिल्ले पुन्हा पाहिले. त्या रात्री मी जेवायलाही उठले नाही, हे आपल्याला प्रथमच सांगते आहे.

रेघ सर्वांवर होती. ‘चहा’च्या बिल्ल्यांवर ती कडेपासून वेलीच्या पहिल्या पानापर्यंतच येते. क्रमांकाच्या बिल्ल्यांवर ती ‘श्री’च्या वेलांटीला भिडते. ‘दूध’ लिहिलेल्यांवर ती ‘श्री’ ओलांडून पलीकडे जाते आणि कडेशी ठशाचा टवका उडाल्यामुळे तेथे पितळाचा एक ओबडधोबड गोळा दिसतो. तडा वाढत जातो, आपोआप भरून येत नाही. म्हणून आधी चहा, मग क्रमांक, शेवटी दूध हा क्रम ठरला. आमच्या घरात मात्र दुधाचे बिल्ले सर्वांत जुने, ते आजोबा नोकरीला लागण्यापूर्वीचे, असेच पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. आत्याला हे पटवायला मला दोन आठवडे लागले. शेवटी भिंग तिच्याच हातात दिले, तेव्हा तिने मान्य केले.

क्रमांकांबाबत आपण आणखी एक खूण दिलीत. ‘चहा’ व ‘दूध’ ही अक्षरे ठशातून आलेली म्हणून उठावाची आहेत, तर आकडे नंतर एकेक करून हाताने ठोकलेले म्हणून खोल गेलेले आहेत. त्यांतल्या ५ ची शेपटी सगळीकडे एकाच ठिकाणी तुटलेली आहे, म्हणजे आकडे ठोकण्याचा संचही एकच होता. हे माझ्या नजरेतून पूर्णपणे सुटले होते.

येथे थोडे विषयांतर करते, पण ते आपल्याच बोलण्यातले आहे. होळकरांचे मल्हारनगर टांकसाळीतले, सूर्यमुखाचे जुने रुपये हाताने पाडलेले आहेत आणि त्यांची चकती ठशापेक्षा लहान असल्यामुळे पूर्ण लेख कोणत्याही एका नाण्यावर उतरत नाही; चार-सहा नाणी शेजारी ठेवली की ठसा हळूहळू पुरा दिसू लागतो. माझ्या बिल्ल्यांनाही हीच रीत लावावी असे आपण सुचवलेत. ज्यांच्यावर मागची बाजू एका अंगाला सरकलेली होती, त्यांचीही छायाचित्रे एकावर एक ठेवून मी संपूर्ण वेल जुळवली. त्यात एका पानाची शीर कोरणीचा हात घसरल्यामुळे कडेबाहेर गेलेली दिसली.

आणि ती घसरलेली शीर पाहताच आपण आतल्या खोलीत गेलात. आपल्या वडिलांनी कोरलेले, तेलकट कापडात गुंडाळलेले अकरा ठसे आपण दुकान बंद करतानाही भंगारात घातले नव्हते. सातवा ठसा उलगडला तेव्हा त्यावर उलटा ‘श्री’ होता, तडा होता आणि कडेचा टवका उडालेला होता. आपण लाख तापवून त्यावर ठसा दाबलात, लाखेवर तीच घसरलेली शीर उमटली, आणि मग बराच वेळ आपण दोघेही काही बोललो नाही. वडिलांनी एका दूधवाल्यासाठी असे बिल्ले पाडून दिल्याचे आपल्याला लहानपणापासून आठवत होते. ते कोणते, हे त्या दुपारी समजले. गिरणीशी दुधाच्या बिल्ल्यांचा संबंध नव्हता. आजोबांकडे ते आले ते घरी रतीब होता म्हणून.

आपण तो ठसा छायाचित्रे काढण्यासाठी विश्वासाने माझ्या स्वाधीन केलात. कामाची नाही तरी आपल्या वडिलांच्या हाताची ती वस्तू आहे, हे मी एक क्षणही विसरले नाही. सर्व छायाचित्रे झाली आहेत. जुनी पंधरा पाने मी रद्द केली आहेत आणि नवी सहा पाने आपल्या नजरेखालून घालायची आहेत. ठशावर गंज चढू नये म्हणून आपण सांगितल्याप्रमाणे तेलाचा हात फिरवून, त्याच कापडात गुंडाळून, तो येत्या रविवारी सकाळी आपल्याकडे परत आणते. आत्याही सोबत येणार आहे. तिला तो उलटा ‘श्री’ पाहायचा आहे.

आपली नम्र,
४१ बिल्ल्यांची डबी घेऊन आलेली विद्यार्थिनी