तपकीर गल्लीतल्या काकांना, 'नाही' म्हणाल्याबद्दल

काका,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बघून तुम्ही वैतागणार, मला माहीत आहे. बाबांचे जुने स्पीकर दुरुस्त करायला शिकवलंत, त्याचे पैसे घेतले नाहीत. पेढे आणले तर पुडा न उघडता चहावाल्या पोराच्या हातात दिलात. आभार मानायला तोंड उघडलं की "प्लस कुठला, ते बघितलंस का?" म्हणून विषय बदललात. आता गाळा बंद करून लेकाकडे कराडला गेलात, म्हणजे विषय बदलायला समोर नाही आहात. नातीला म्हणावं मोठ्याने वाच, आणि आजोबा "पुरे" म्हणाले तरी थांबू नकोस.

मी आले ते गणपतीच्या आठ दिवस आधी. तुमच्या गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती. मंडळांचे अठरा-अठरा इंची स्पीकर एकावर एक रचलेले, दारात दोन कार्यकर्ते "काका, आज पायजेच" म्हणून अडून बसलेले, आणि मी रिक्षातून उतरले ती चादरीत गुंडाळलेला एक दहा इंची वूफर, म्हणजे खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर, पोटाशी धरून. खरं सांगायचं तर मी तुमच्याकडे फक्त भाव विचारायला आले होते. आधीच्या एका दुकानात बोलणं जवळजवळ झालं होतं. ते म्हणाले होते, सगळा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा तो कागदी शंकू, काढून नवा टाकू, दोन दिवसांत तयार, एकदम नव्यासारखा. मी मान डोलावून आले होते.

तुम्ही कार्यकर्त्यांना गप्प केलंत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि दोन्ही अंगठे कोनावर समोरासमोर ठेवून तो हलकेच आत दाबलात. सोडलात. पुन्हा दाबलात. कान अगदी जवळ. मग म्हणालात, "कोन चांगलाय, मागची तारेची कॉइल घासत नाही. नुसती कडा गेलीय. अंगठी तुटली म्हणून बोट कापतात का, मॅडम?"

आणि मग म्हणालात, मी करणार नाही. "गणपतीत मला वेळ नाही. तुम्हाला आहे. घरी करा."

मला रागच आला होता. काम नाकारतात आणि वर सल्ला देतात, पुण्यात आहोत याची आठवण करून देतात, असं काहीसं पुटपुटत मी बाहेर पडले. रिक्षा मिळेना म्हणून परत आत आले आणि विचारलं, "पण कोन बदलला तर काय बिघडतं?"

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते मला नंतर कुणीच इतकं सोपं करून सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, पेटीला पुढे-मागे भोक आहे का? नाही म्हटलं. तुम्ही कोपऱ्यातला सायकलचा पंप उचललात, तोंडावर अंगठा दाबलात आणि दांडा खाली ढकललात. तो आपोआप वर आला. "ही तुमची पेटी. आतली हवा हीच स्प्रिंग. म्हणून कडा मऊ लागते, फोमची. इथला कोन येतो कागदाच्या चुण्यांच्या कडेचा, ताठ. तो बसवला की हवेला कामच उरत नाही. खालचा आवाज गेला समजा."

ते स्पीकर बाबांचे आहेत हे मी तुम्हाला सांगितलं होतं, पण बाकीची गोष्ट राहिली. बाबा बॉस्टनला तीन वर्षं होते. १९७५ साली परत येताना त्यांनी ही जोडी आणली. ॲडव्हेंट कंपनीची, नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये बनलेली. हेन्री क्लॉस नावाच्या माणसाने १९६९ मध्ये हा स्पीकर काढला. त्याच्याही आधी, १९५४ साली, एडगर विल्चर आणि या क्लॉसने मिळून अकूस्टिक रिसर्च ही कंपनी सुरू केली होती, आणि बंद पेटीतल्या हवेची स्प्रिंग करायची ही कल्पना विल्चरची. तुमचा सायकलचा पंप तो! प्रत्येक पेटी दोन फुटांहून उंच आणि वीस किलोच्या आसपास. अशा दोन पेट्या, ११० व्होल्टचा ॲम्प्लिफायर आणि त्याच्यासाठी इथे घेतलेला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, असा तो सगळा संसार आमच्या दोन खोल्यांत होता. आई म्हणायची, आधी हे आले, मग फ्रिज आला.

आवाज फाटायला लागला तेव्हा बाबांनी ते बंद केले. त्याला वीस वर्षं होऊन गेली. एकावर फोन असायचा, दुसऱ्यावर मनी प्लांट. जाळी काढून बघितलं तर वूफरभोवतीचा फोम बोट लावताच बोटाला चिकटून आला, चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखा. तुम्ही म्हणालात तसंच, वाजवा किंवा झाकून ठेवा, हा फोम हवेतल्या ओलाव्याने कुजतोच. आमच्या पावसाळ्यांपुढे तो एवढा टिकला हेच नवल.

आता तुमच्या पुढच्या 'नाहीं'चा हिशेब.

फोमच्या कडा न्यू जर्सीच्या चुलत बहिणीने दिवाळीत बॅगेतून आणल्या, बदामांच्या पिशव्यांमध्ये चेपून. जुना फोम आणि डिंक खरवडायला घेतला आणि तुम्हाला फोन केला की नेलपॉलिश रिमूव्हरने भराभर निघतंय. तुम्ही ओरडलात. अक्षरशः. "ठेव ती बाटली!" (त्या दिवसापासून मी मॅडमची 'तू' झाले, बरं वाटलं.) त्यातलं ॲसिटोन कोनावरचा लेप खाईल म्हणालात. मग स्पिरिट, कापूस आणि लोणी लावायची बोथट सुरी. एका वूफरला तीन संध्याकाळी लागल्या. नवरा एकदा येऊन म्हणाला, एवढ्यात एक साउंडबार आला असता. त्याला मी उत्तर दिलं नाही. तसंही त्याला मुळात शांतता हवी होती.

मग डिंक. मी पंक्चरचं असतं तसलं रबर सोल्यूशन आणून ठेवलं होतं, घट्ट धरतं म्हणून. तुम्ही म्हणालात, तेच तर नको, धरलं की सोडत नाही. "फेव्हिकॉल लाव. तो तुला चूक सुधारायला वेळ देतो."

चूक मी लगेच केलीच. रात्री अकराला, उद्या सुट्टी नाही म्हणून घाईघाईत पहिली कडा बसवली. वरून बघताना गोल, सुबक. सकाळी दोन अंगठे ठेवून कोन दाबला तर आतून खर्र, पोळपाटावर वाळू सांडावी आणि त्यावर लाटणं फिरवावं तसं. कॉइल मॅग्नेटच्या फटीत एका बाजूला घासत होती. फट केवढी, तर जेमतेम पोस्टकार्ड सरकेल एवढी. तुम्ही म्हणालात, फोन कोनाजवळ धर. मी धरला. पलीकडे तुम्ही ऐकलंत आणि एकच शब्द बोललात, "काढ."

मी रडकुंडीला आले होते. पण कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला कापूस कडेकडेने फिरवत गेले आणि तासाभरात ती कडा अख्खी निघून आली. रबर सोल्यूशन असतं तर कोनाचा कागद घेऊनच निघाली असती.

दुसऱ्यांदा लावण्याआधी मी तुम्हाला शहाणपणा सांगितला की परदेशात कोनाच्या मधली टोपी ब्लेडने कापतात, आत एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या खोचतात, म्हणजे कॉइल मध्यभागी राहते. तुम्ही म्हणालात, पट्ट्या मीही लावतो, कॉइल नवी बांधतो तेव्हा. "पण धडधाकट टोपी कापायची नाही. कान आहेत ना?"

मग तुमची पद्धत सांगितलीत. गाळ्यात तुम्ही सहा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर स्पीकर गुणगुणत ठेवता, विजेचे ५० हर्ट्झ फुकटचे. माझ्याकडे फोन होता, तो ॲम्प्लिफायरला जोडून ३० हर्ट्झचा सूर लावला, आवाज अगदी बारीक. कोन श्वास घेतल्यासारखा वर-खाली व्हायला लागला. डिंक ओला असताना कडा बोटांच्या टोकांनी दाबत फिरायचं. एका जागी खरखर ऐकू आली की समोरच्या बाजूने केसभर ओढायचं. पुन्हा ऐकायचं. सव्वा तास मी जेवणाच्या टेबलावर वाकून ते करत होते. एका क्षणी खरखर थांबली आणि नुसतं घुं उरलं. हात काढायला भीती वाटली. वीस मिनिटं तशीच उभी राहिले.

क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वरचा आणि खालचा आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधले, कपॅसिटर बदलले त्याबद्दल फार लिहीत नाही. जुने इलेक्ट्रोलिटिक होते, इतक्या वर्षांत मूळ आकड्यावरून हललेले. तुम्ही गल्लीतल्याच दुकानातून बिनध्रुवाचे, जुन्यांवर छापलेल्याच आकड्याचे आणून दिलेत. झाळकाम माझं. त्यावर तुम्ही जे बोललात ते नातीसमोर नको.

पण ट्वीटरचं, म्हणजे वरचा आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरचं, सांगायलाच हवं. उजव्या पेटीतला तो तळलेल्या अंड्यासारखा दिसणारा ट्वीटर मुका होता. मी तो जळाला असं ठरवून परदेशातून जुना मागवायला निघाले होते, बोली लावून झाली होती. तुम्ही विचारलंत, मागे काही बटण आहे का? आहे, तीन खटक्यांचं, वरचा आवाज कमी-जास्त करायला. "ते वीस-पंचवीस वेळा खालीवर कर, मग बोल." कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, खटाखट केलं, आणि ट्वीटर बोलला. चाळीसेक वर्षं बटणाला कुणी हात लावला नव्हता, आतले पत्रे काळे पडले होते. बोली रद्द करताना मला जी लाज वाटली तिचे पैसे तुम्ही घ्यायला हवे होते.

वूफर बसवताना तुमचा सेल कामाला आला. टॉर्चचा एक सेल, त्याला चिकटपट्टीने लावलेल्या दोन वायरी, एक लाल, एक कसलीच नाही. लाल वायर लाल टोकाला टेकवली की कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही पेट्यांत बाहेर आला. मग शेवटची परीक्षा: बसवलेला कोन सावकाश आत दाबून सोडला, तर तो लगेच उसळला नाही, आळोखेपिळोखे देत परत आला. म्हणजे हवा कुठून गळत नव्हती.

गाणं लावू नकोस, म्हणालात. आधी बातम्या लाव. "माणसाचा आवाज पेटीतून येतोय की माणसातून, ते ऐक." म्हणून बावीस-तेवीस वर्षांनी त्या पेट्या पहिल्यांदा बोलल्या त्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या. धरणातला पाणीसाठा, कांद्याचा भाव. निवेदिकेचा 'स' टोचत नव्हता आणि ती छातीतून बोलतेय हे कळत होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि कुणी आलंय का म्हणून बाहेर डोकावले.

रविवारी बाबांची एक रेकॉर्ड लावली, तबल्याची. बाबा आता ऐंशीचे आहेत, कानाचं यंत्र लावतात, आणि लावलं तरी काढून ठेवायला बघतात. ते उठले, डाव्या पेटीजवळ खुर्ची ओढली आणि पेटीच्या कुशीवर तळवा टेकवून बसले. डग्ग्याची घुमक आली की त्यांचं बोट हलायचं. रेकॉर्डची एक बाजू संपली. त्यांनी विचारलं, "कोन बदलला का?" मी म्हटलं, नाही, एका काकांनी बदलू दिला नाही. ते म्हणाले, "शहाणा माणूस," आणि यंत्र काढून खिशात टाकलं.

हे तुम्हाला फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही मध्येच "जाळीला धूळ बसू देऊ नकोस" म्हणाला असतात. म्हणून लिहून पाठवलं.

अजून दोन गोष्टी. डाव्या पेटीवर मनी प्लांट परत ठेवायचा की नाही यावर घरात वाद आहे, तुमचं उत्तर मला माहीत आहे, तरी नातीकडून लिहून पाठवा. आणि तुमचा तो दोन वायरींचा सेल माझ्याकडेच राहिलाय. कुरिअरने पाठवणार नाही. पुढच्या महिन्यात साताऱ्याला एक लग्न आहे, तिथून कराड फार लांब नाही. येते घेऊन. या खेपेला पेढ्यांचा पुडा मी स्वतः उघडणार आहे.

तुमची,
दहा इंची वूफरवाली