चष्मा न विकल्याबद्दल आभार

प्रिय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना त्याला माघारी पाठवणं सोपं नसतं. तुम्ही माझ्या वडिलांना तसं पाठवलंत, म्हणून हे पत्र. दुकानात गर्दी असते, तिथे नीट बोलता आलं नसतं.

बाबा शिलाईकाम करतात. वय अठ्ठावन्न. लांबचा नंबर त्यांना कधीच नव्हता, फक्त चाळिशीचा चष्मा. पावसाळ्यात अचानक ते चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले, सुईत दोराही ओवायला लागले. घरात आनंदच झाला, ‘नंबर उतरला’ म्हणून बाबा शेजारीपाजारी सांगत सुटले. अडचण एवढीच, की एसटीवरची पाटी गाडी पुढ्यात आल्याशिवाय वाचता येईना. लांबचा चष्मा करून टाकू, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो.

तुम्ही तपासलंत. दोन्ही डोळ्यांना उणे दीड. त्या भिंगांनी बाबांना शेवटची ओळसुद्धा स्वच्छ दिसत होती, म्हणजे चष्मा तिथल्या तिथे करून देता आला असता. पण तुम्ही जुना नंबरचा कागद मागितलात, तो शेजारी ठेवलात आणि म्हणालात, “या वयात नंबर बदलतो तो पाव-पावने, वर्षांनी. पंधरवड्यात दीडने नाही.” मग विचारलंत, तहान जास्त लागते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, एक दिवस बरं आणि एक दिवस अंधूक असं होतं का. तिन्हींची उत्तरं ‘हो’च्या बाजूची निघाली. साखर तपासा, डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्याच्या आतला पडदाही दाखवा, मोतीबिंदू सुरू होतानाही असा उणे नंबर येतो, तेही बघू दे, असं तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलंत.

साखर तीनशेच्या वर होती.

मोतीबिंदू नव्हता, पडदाही सुदैवाने ठीक होता. औषधं सुरू झाली आणि साखर खाली येताच सगळं उलटं झालं. लांबचं दिसायला लागलं, पण जवळचं इतकं पुसट झालं की जुन्या चष्म्यातूनही काजं करता येईनात. आम्ही घाबरलो. औषधानेच डोळे गेले, असं बाबांनी मनाशी पक्कं केलं आणि गोळ्या बंद करायची भाषा सुरू झाली. तेव्हा तुम्ही त्यांना समोर बसवून समजावलंत, की रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगातलं पाणीही कमी-जास्त होतं, त्याबरोबर नंबर हलतो. काही आठवड्यांत तो जागेवर येईल, गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. बाबांनी माझं ऐकलं नसतं, तुमचं ऐकलं. मधल्या काळात सणाचे कपडे अडू नयेत म्हणून तुम्ही एक तयार चष्मा वापरायला दिलात, त्याचे पैसे घेतले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

साखर स्थिरावल्यावर, काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून तोच नंबर आल्यावरच तुम्ही चष्म्याला हात घातलात. तोही कसा? बाबांना मशीनवर बसल्यासारखं बसवून डोळ्यापासून सुईपर्यंतचं अंतर टेपने मोजलंत. वाचायचं अंतर वेगळं आणि शिवायचं वेगळं, हे आजवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ओळखीत कुणी ‘दर वर्षी चष्मा बदलावा का?’ विचारलं की मी तुमचंच सांगते. बदलायचा तो नंबर बदलला तर, पण तपासणी चुकवू नका. मुलांची दर वर्षी करा, त्यांचा डोळा वाढत असतो आणि फळा दिसत नाही हे ती स्वतः सांगतीलच असं नाही. चाळिशीच्या आत तक्रार नसली तरी दोनेक वर्षांनी एकदा दाखवा. मधुमेह असेल तर नंबर तोच असला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. संध्याकाळी डोकं जड होणं, पुस्तक लांब धरावं लागणं, डोळे बारीक करून बघणं, एवढ्यावर तुमच्याकडे यायला हरकत नाही. पण डोळ्यापुढे विजा चमकल्या, अचानक काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवायचा नाही, थेट डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. माझ्या मावशीने हे ऐकून घेतलं आणि भाच्याला घेऊन ती येत्या रविवारी तुमच्याकडे येते आहे.

बाबांचा एक निरोप आहे. तुमच्या पांढऱ्या कोटाची बाही उसवली आहे, हे त्यांनी नव्या चष्म्यातून पाहिलं. तो पाठवून द्या, आणि नवा शिवायचा असेल तर मापं द्यायला घरी या. शिलाई ते घेणार नाहीत, तुम्हीही आग्रह करू नका.

तुमची,
टेलरकाकांची मुलगी