डोम नुसता ‘मापाचा’ असून भागत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रवणयंत्राचा खर्च कसा वाचवावा यावरचा कालच्या पुरवणीतला लेख मला आईनेच आणून दाखवला, कात्रीने नीट कापून. तिला ऐकू कमी येतं, पण तुमचा पेपर ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते आणि पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार, असं वयाच्या 82 व्या वर्षीही मानते. डोम (म्हणजे मशीनच्या कानात जाणाऱ्या टोकावरचं रबर), मळ अडवणारी जाळी, सेल हे सगळं माप बघून कुठूनही घ्यावं, अशा अर्थाच्या वाक्याखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती. म्हणाली, ‘बघ, तू उगंच कोल्हापूरला हेलपाटे घालतीस.’

राग आला तो त्या वाक्याचा. कारण माप बघूनच घेतलेला एक डोम गेल्या वर्षी आईच्या कानात 11 दिवस अडकून होता.

तो मीच मागवला होता. पावसाळ्याचे दिवस, गडहिंग्लजहून कोल्हापूरला एसटीने जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि नेमके जवळचे डोम संपलेले. ऑनलाइन पाहिलं. 8 मिलिमीटर, पॉवर डोम, सगळ्या कंपन्यांच्या मशीनना चालतो असं लिहिलेलं, आणि किंमत कोल्हापूरच्या श्रवणयंत्राच्या सेंटरच्या निम्म्याहून कमी. जुना डोम पट्टीवर ठेवून मोजला, 8 च भरला. नवा बसवून पाहिला तर बसला. ओढून पाहिला, निघाला नाही. यापेक्षा जास्त काय तपासायचं असतं हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, आणि तुमच्या लेखकालाही ते ठाऊक नसावं असं लेख वाचून वाटलं.

चौथ्या रात्री आईने मशीन काढलं तेव्हा टोकावर रबर नव्हतं. अंथरूण झटकलं, टॉर्च घेऊन खाटेखाली पाहिलं. कुठेतरी पडलं असेल म्हणून पाकिटातलं दुसरं बसवून दिलं. दोन दिवसांनी आई म्हणाली, ‘कानात काय तरी हाय गं.’ मी म्हटलं मळ असेल. मग म्हणाली, मशीन लावूनही पहिल्यासारखं ऐकू येत नाही. मी सेल बदलला. घरातल्या सगळ्यांनी आपापलं सांगितलं, कुणी तेल घाल म्हटलं, कुणी वयामुळे होतं म्हटलं. ती रोज तेच सांगत राहिली आणि आम्ही रोज तिला काहीतरी दुसरंच सांगत राहिलो. शेवटी कान दुखायला लागला तेव्हा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण लावली, बारीक चिमटा घातला आणि मिनिटभरात ते करड्या रंगाचं रबर कापसावर ठेवलं. पहिलं आत होतं आणि त्याच्यामागे दुसरं लावलेलं मशीन आम्ही रोज ढकलत होतो.

कानाची नळी सुजली होती. थेंब दिले आणि सूज उतरेपर्यंत त्या कानाला मशीन लावायचं नाही असं सांगितलं. आईचा दुसरा कान जवळपास गेलेलाच आहे. बेळगावची मावशी रोज संध्याकाळी 7 ला फोन करते, त्या दोघींचं दिवसभरातलं तेवढंच बोलणं. ते दोन आठवडे आई फोन वाजताना बघायची आणि माझ्या हातात द्यायची. मावशी काय म्हणाली ते मी तिला पाटीवर लिहून दाखवायचे. बहिणी-बहिणींचं बोलणं पाटीवर मावत नाही, संपादक महाशय.

चूक कुठे होती ते नंतर कान तपासून मशीन लावून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी समजावलं, आणि लेखात यायला हवं होतं ते हेच. डोमवरचा 8 किंवा 10 हा आकडा कानाच्या नळीसाठी असतो. डोमची आतली मान रिसीव्हरच्या, म्हणजे मशीनमधून कानात जाणाऱ्या तारेवरच्या छोट्या स्पीकरच्या, टोकावर चढते, तिचं माप पाकिटावर छापलेलंच नसतं. रिसीव्हरच्या टोकाची घडण कंपनीगणिक वेगळी. कुणाच्या टोकाला कंगोरा, कुणाच्या टोकाला खाच. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलचे डोमसुद्धा कधी कधी एकमेकांना लागत नाहीत. परका डोम चढतो, बोटांना घट्टही लागतो. पण आतून टोकाला अडकत नाही. कानात घाम आणि मळ लागून तो ओला झाला, की मशीन ओढताना रिसीव्हर बाहेर येतो आणि रबर आत राहतं.

मळाच्या जाळीचंही तसंच, ज्याला वॅक्स गार्ड म्हणतात. जाळीसोबत येणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुनी जाळी उपसायची, दुसऱ्या टोकाने नवी बसवायची. ती जाळी टाचणीच्या डोक्याएवढी, पण तीही सगळ्यांना एक नाही. दुसऱ्या जातीची दाबून बसवली तर नीट बसत नाही, आणि मग मळ थेट रिसीव्हरमध्ये. मशीन बंद पडलं असं वाटून लोक दुरुस्तीला धावतात तेव्हा कित्येकदा नुसती जाळी बुजलेली असते. खर्च वाचवायचा सल्ला द्यायचा तर हा द्यायचा होता.

तार तुटली तर नवी तार मागवून घरीच जोडावी, असंही लेखात आहे. ते वाचून मला धास्तीच वाटली. त्या तारेच्या टोकालाच तो स्पीकर म्हणजे रिसीव्हर असतो, आणि त्याची ताकद साधी, मध्यम, जास्त अशी वेगवेगळी असते. तारेची लांबीही वेगळी, उजवी-डावीही वेगळी, उजवीला लाल खूण आणि डावीला निळी. मशीनमध्ये आवाज किती वाढवायचा हे त्या कानाची तपासणी करून, त्या स्पीकरच्या ताकदीप्रमाणे भरलेलं असतं. भलत्या ताकदीचा लावला तर एक तर ऐकू येणार नाही, नाहीतर उरलेल्या कानाला इजा होईल. मुंबईत वांद्र्याला वाक् आणि श्रवणाचीच अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. छापण्याआधी यांपैकी कुठल्याही ठिकाणी एक फोन करता आला असता.

सेलबद्दल लेखकाने लिहिलंय ते अर्धं बरोबर आहे. सेल खरंच कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालतो, कारण त्याचे आकडे आणि रंग ठरलेले आहेत. 10 नंबर पिवळा, 312 तपकिरी, 13 नारिंगी, 675 निळा. कंपनी बदलली तरी स्टिकरचा रंग बदलत नाही. आईला आकडा वाचता आला नाही तरी ‘तपकिरी दे’ म्हणून ती सांगू शकते. पण इथेही ‘माप बघून’ हे दोन शब्द घात करतात. 312 आणि 13 दोन्ही वरून सारखेच गोल, 7.9 मिलिमीटरचे. फरक जाडीत, एक 3.6 आणि दुसरा 5.4. वरून बघून 13 आणला आणि 312 च्या दारात दाबला तर दार मोडतं. आईच्या आधीच्या मशीनला 675 लागायचा. बाजारातल्या घड्याळवाल्याने एकदा त्याच मापाचा एलआर 44 दिला. लांबी-रुंदी तंतोतंत तीच. आठवडाभर चालणारं मशीन दीड दिवसात बंद. घड्याळाच्या त्या सेलमध्ये सगळा मसाला आतच भरलेला असतो, कानाच्या मशीनचा सेल झिंक-एअर, तो बाहेरची हवा घेऊन चालतो, म्हणून तेवढ्याच डबीत किती तरी जास्त टिकतो. स्टिकर काढल्यावर दार लावण्याआधी तो मिनिटभर तरी उघडा ठेवायचा तो त्यासाठीच. आणि एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, हेही सांगा कुणीतरी लोकांना.

माझा प्रश्न कंपन्यांना आहे. सेलचे रंग जगभर एक करता आले, मग डोमच्या मानेचं माप एक करायला काय हरकत आहे? ते होत नसेल तर निदान कुठल्या मशीनला चालत नाही ते पाकिटावर छापा. आणि सेंटरवाल्यांनाही सांगणं आहे. मशीन विकताना एवढं मोठं वॉरंटी कार्ड देता, त्यावर शिक्का असतो, अनुक्रमांक असतो. त्याच कार्डावर रिसीव्हरची ताकद आणि लांबी, डोमची जात, जाळीची जात, सेलचा नंबर एवढं मराठीत लिहून द्या. हे आम्हाला मागून मागून, तिसऱ्या खेपेला, एका चिठ्ठीवर मिळालं. ती चिठ्ठी मी लॅमिनेट करून घेतली आहे.

जाता जाता दोन गोष्टी. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, पण सेलचं बिल बघावं तर त्यावर कर लावलेला. सेलाशिवाय ते मशीन कुणाच्या काय उपयोगाचं? दुसरी गोष्ट तुमच्याच पानाची. त्या लेखाच्या खाली स्वस्तातल्या ‘कानाच्या मशीन’ची मोठी जाहिरात होती, तपासणीशिवाय घरपोच. तो नुसता आवाज वाढवणारा भोंगा असतो, भांड्याचा आणि माणसाचा आवाज तो सारखाच वाढवतो. लेख आणि ती जाहिरात एकाच पानावर छापताना कुणाला काही वाटलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मी आईला लेख चुकीचा आहे असं सांगितलं. तिला पटलं नाही. कानातून निघालेलं ते रबर मी जपून ठेवलंय, ते दाखवलं. त्यावर म्हणाली, ‘तवा पेपरात आलं नव्हतं ना.’ आता ते कात्रण तिने घडी घालून मशीनच्या डबीत ठेवलंय, चिठ्ठीच्या वर. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापावी, म्हणजे डबीतलं कात्रण मला बदलता येईल.

आपली,
एक वाचक
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर