काका, त्या दिवशी माझा माइक बंद केलात त्याबद्दल

प्रिय काका,

हे तुम्हाला एकट्याला फोनवर सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. थायलंडमधे टूरचा धंदा सुरू करायचाय, काय काय लागतं, असं विचारणारे मेसेज मला आता आठवड्याला दोन-चार तरी येतात, आणि मी त्यांना जे काही सांगते ते मुळात तुमचं असतं. नाव तेवढं टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

डिसेंबर २०१७. अयुथ्यातलं वाट महाथात हे जुनं देऊळ. माझा पहिला ग्रुप, अठरा जण, गळ्यात छोटा स्पीकर अडकवलेला, आणि मी झाडाच्या मुळांमधे अडकलेल्या बुद्धाच्या त्या मस्तकासमोर उभी राहून अयुथ्याची सगळी हिस्टरी सांगतेय, चौदाव्या शतकात राजधानी कशी वसली, १७६७ मधे बर्मी सैन्यानं कशी जाळली वगैरे, रात्रभर वाचून पाठ केलेलं. तुम्ही शेजारीच होतात, बहिणीला आणि मेव्हण्यांना घेऊन आलेले. मराठी ऐकून जवळ आलात आणि आधी कौतुकानंच हसलात, मग विचारलंत, "तुमचा गाइड कुठाय?" मी म्हटलं मीच की. तर तुम्ही हात पुढे करून स्पीकरचं बटण बंद केलंत आणि म्हणालात, पाच मिनिटं बाजूला या.

मला राग आला होता काका. अनोळखी माणूस, माझे पाहुणे बघतायत, आणि हा मला बाजूला नेतोय. पण तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की या देशात गाइडचं काम फक्त थाई नागरिकच करू शकतो, परदेशी माणसांना बंद असलेल्या कामांची यादी १९७९ पासून आहे आणि त्यात गाइड आहे, लायसन्स असलेला गाइड कार्ड गळ्यात घालून फिरतो, आणि टूर कंपनी लायसन्सशिवाय चालवली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख बाथपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. माझ्या पोटात गोळा आला. मी काहीतरी बोलायला लागले की सगळेच करतात, मला सांगणाऱ्यानं तर सांगितलं होतं चालतं म्हणून. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे. "तुझं जे व्हायचं ते होईल, पण उद्या सकाळी या अठरा लोकांना बस कोण देणार?"

ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी दंडाचा विचार करत होते, तुम्ही त्या अठरा जणांचा.

आणि मग माझ्या लक्षात आलं की तुमच्याबरोबर एक थाई बाई आहेत, गळ्यात कार्ड. बँकॉकच्या हॉटेलात रिझर्व्हेशनला वीस वर्षं काढलेला माणूस, थाई फाडफाड बोलणारा, सख्ख्या बहिणीला अयुथ्या दाखवायला गाइड करून आला होता! तुम्ही त्यांच्याशी काहीतरी बोललात, त्या माझ्या ग्रुपसमोर आल्या, आणि एक शब्द बोलायच्या आधी गुडघ्यावर बसल्या. अख्खा ग्रुप आपोआप खाली बसला. तोपर्यंत आमचे लोक त्या मस्तकाशेजारी उभं राहून फोटो काढत होते, आणि बुद्धाच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर ठेवायचं नसतं हे मला माहीतसुद्धा नव्हतं, तारखा पाठ होत्या फक्त. नंतरचे तीन दिवस त्यांनीच ओळखीच्या लायसन्सवाल्या कंपनीकडून ग्रुपची व्यवस्था लावून दिली. त्या ट्रिपमधे मला एक पैसा सुटला नाही पण सगळे सुखरूप आणि खूश घरी गेले.

मला वाटलं होतं तुमचं काम तिथंच संपलं. नाही संपलं.

पुढचे सहा महिने तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते लिहायला बसले तर वही भरेल, म्हणून जे नवीन मुलांच्या खरंच कामाचं आहे तेवढंच लिहिते. सगळ्यात मोठं ते शेअरहोल्डरचं. टूर लायसन्स हवं तर कंपनीत निदान ५१ टक्के हिस्सा थाई माणसांचा लागतो आणि अर्ध्यापेक्षा जास्त डायरेक्टरही थाई लागतात, हे कळल्यावर मी एका एजंटकडे गेले, त्यानं आठवड्याभरात सगळं करून देतो म्हणून फाइलच पुढे ठेवली, दोन थाई नावं तयार, सह्या तयार, मी फक्त फी द्यायची. मी आनंदानं ती फाइल घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही पानं उलटलीत आणि विचारलंत, "यातल्या एकाला तरी तू भेटलीयस का?" नाही म्हटलं. "मग हे तुझे पार्टनर कसे?" नुसत्या कागदावर उभे केलेले मालक म्हणजे परदेशी व्यवसाय कायद्यात सरळ गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाख बाथपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, आणि तो नाव देणाऱ्यालाही लागतो. हे तुम्ही सांगितलंत खरं, पण मला कायद्यापेक्षा तो साधा प्रश्न जास्त लागला. पैसे मी घालणार, मेहनत मी करणार, आणि निम्म्याहून जास्त कंपनी अशा माणसांच्या नावावर ज्यांचा चेहरा मी बघितलेला नाही.

तुम्ही मला परत त्या गाइडबाईंकडे नेलंत. थाई लोक वयानं मोठ्या बहिणीला म्हणतात तसं मी त्यांना आता पी म्हणते. त्यांची स्वतःची बचत होती, भावाला पण यायचं होतं, पण दुसऱ्याच्या धंद्यात नुसतं नाव द्यायला त्या तयार नव्हत्या, खरं पार्टनर व्हायला तयार होत्या. तेव्हा कंपनीला कमीत कमी तीन शेअरहोल्डर लागायचे, ते आम्ही तिघं. चार बैठका झाल्या आमच्या, मधे तुम्ही दोन्हीकडचं बोलणं समजावत बसलेले, नफा कसा वाटायचा, भांडण झालं तर कोण काय घेऊन जाणार, हे सगळं सुरुवातीलाच लिहून घ्यायला लावलंत. मला तेव्हा ते फार अपशकुनी वाटलं होतं. ते कागद कपाटात आहेत, आजवर काढायची वेळ आलेली नाही, पण आहेत म्हणून आम्ही दोघी एकमेकींशी इतकं मोकळं बोलू शकतो असं मला मनापासून वाटतं.

आमच्या लायसन्सवर साल २५६१ आहे, बौद्ध साल, आपल्या सालात ५४३ मिळवायचे. म्हणजे २०१८. माझं वर्क परमिट त्यानंतर आलं, एका परदेशी माणसामागे वीस लाख बाथ भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवायचे तेव्हा कुठं मिळतं ते, आणि ते चार जण खरोखर पगारावर असले पाहिजेत. हेही तुम्ही दोनदा बजावलंत.

कॉस्टिंग तुम्ही शिकवलंत ते एका रविवारी, तुमच्या डायनिंग टेबलवर. हॉटेलचा नेट रेट (एजंटला मिळणारा कमिशनशिवायचा दर), अलॉटमेंट (आपल्यासाठी राखलेल्या खोल्या), रिलीज डेट (न भरलेल्या खोल्या परत सोडायची तारीख), पंधरा पॅक्सवर, म्हणजे प्रवाशांवर, एक फ्री मिळतो तो हिशोबात नफा म्हणून धरायचा नाही कारण दोघं कॅन्सल झाले की तो गेलाच. ग्रँड पॅलेसचं तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ, ते पॅकेजमधे स्पष्ट लिही, "एंट्री फी वेगळी" असं बारीक अक्षरात नको. आणि दुकानांचं. स्वस्तात ग्रुप आणायचा, मग रत्नांच्या दुकानात नि लेदरच्या दुकानात फिरवून कमिशनवर भरपाई करायची, याच झीरो डॉलर टूरवर २०१६ मधे थाई सरकारनं मोठी कारवाई केली होती. तुम्ही म्हणालात रेट जास्त लागला तर लागू दे, ग्राहक कमी येतील पण तेच परत येतील. पहिलं वर्ष कठीण गेलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या वर्षी निम्मे लोक जुन्याच लोकांनी पाठवलेले होते.

समुद्राचं मात्र मी कधीच विसरणार नाही. जुलै २०१८, आमचा ग्रुप फुकेतला जाणार होता, आणि मी बोट बुक करायला निघाले होते. तुम्ही म्हणालात मे ते ऑक्टोबर अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे फुकेतकडे, पावसाळी वारा असतो, समुद्रात जायचंच असेल तर पूर्वेकडच्या सामुई बेटाच्या बाजूला ने, तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मी कुरकुर केली, फुकेतचं नाव ब्रोशरवर होतं ना. तरी बदललं. ५ जुलैला फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडाली, ४७ माणसं गेली. आमचा ग्रुप त्या बोटीवर असता असं नाही म्हणत मी, आमच्या तारखाही नंतरच्या होत्या, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यानंतर मी स्वतः लाइफ जॅकेट मोजल्याशिवाय एकही माणूस बोटीत चढवलेला नाही.

मग २०२०. एप्रिलमधे विमानंच बंद झाली, आमच्याकडे तीन ग्रुपचे ॲडव्हान्स, हॉटेलं म्हणतायत क्रेडिट नोट घ्या, म्हणजे पैसे परत नाहीत, पुढच्या बुकिंगला वळते. पी म्हणाली लोकांना परत देऊया, मी म्हटलं आपल्याकडे तेवढे आहेत कुठे. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात की आधी सगळ्यांना फोन कर आणि खरं सांग, पैसे हप्त्यानं दिलेस तरी चालेल पण फोन आजच कर. केले. एकेचाळीस फोन केले मी दोन दिवसात, एक-दोघांनी शिव्या घातल्या, बाकीच्यांनी थांबतो म्हटलं. शेवटचा हप्ता फुकेत सँडबॉक्स, म्हणजे लस घेतलेल्या परदेशी पर्यटकांना क्वारंटाइनशिवाय फुकेतला येऊ देणारी योजना, सुरू झाली त्याच महिन्यात, जुलै २०२१ मधे गेला. मधल्या काळात आमच्या त्या चार थाई कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी तुम्ही जे पैसे दिलेत त्याचा आकडा तुम्ही कधी विचारला नाहीत, मी परत दिले तेव्हा मोजलेही नाहीत.

गेल्या वर्षी तुम्ही कायमचे परत गेलात तेव्हा एअरपोर्टवर मला हे सगळं बोलायचं होतं, पण काकू होत्या, सामान होतं, आणि तुम्ही तिथंही मला लायसन्सच्या रिन्यूअलची आठवण करून देत होतात. म्हणून आज लिहिलं. खूप खूप आभार काका. धंदा उभा करून दिलात त्याचे तर आहेतच, पण त्याच्याही आधी, ओळखदेख नसताना मला थांबवलंत त्याचे.

फेब्रुवारीत बावीस जणांचा ग्रुप आहे, तिसऱ्या दिवशी अयुथ्या, गाइड कोण ते तुम्हाला सांगायला नकोच. पीनं बसमधली पहिल्या रांगेतली खिडकीची सीट रोखून धरलीय आणि मला रोज विचारते तुम्ही येताय का. मला तिला काहीतरी उत्तर द्यायचंय, लवकर कळवा.

तुमची,
अजूनही तुम्हाला विचारल्याशिवाय बोट बुक न करणारी