शेवटच्या सायकलकडे कोण बघतं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला, अनोळखी शहर गाईडबरोबर सायकलवरून कसं बघावं, तो पानभर लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपल्याकडूनच एखादा परिच्छेद सुटला असेल. सुटला नव्हता. गाईड किती हसतमुख असतो, कुठल्या पुलावर थांबवून कुठली गोष्ट सांगतो, सगळं आलंय, फक्त ग्रुपच्या सगळ्यात मागे कोण असतं हे कुठेच नाही. लेखक बहुधा गाईडच्या मागे दुसऱ्या नंबरवर होते. मी सोळाव्या नंबरवर होतो.

सायकल टूरला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. पायी तासाला चारपाच किलोमीटर होतात, सायकलवर आरामात त्याच्या दुप्पटतिप्पट, आणि बसच्या काचेतून जे दिसत नाही ते दिसतं. लेखातलं एवढं सगळं कबूल.

पण माझं काय झालं ते ऐका. शहराचं नाव लिहीत नाही, कंपनीचं तर नाहीच, ट्रामचं शहर होतं आणि वाहतूक उजवीकडून. दुकानासमोर गाईडने टाच पेडलवर ठेवायला लावून प्रत्येकाची सीट अगदी प्रेमाने लावून दिली. ब्रेकबद्दल मात्र एकच वाक्य, पेडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागतो, चला निघूया. आता आयुष्यभर हाताने ब्रेक दाबलेल्या माणसाला सिग्नलला थांबलं की पेडल उलटं फिरवून वर आणून ठेवायची सवय असते. त्या सायकलला पेडल उलटं फिरतच नाही, ब्रेक लागतो. म्हणजे हिरवा झाला, पंधरा जण सुटले आणि मी एका पायाने जमीन ढकलत लहान पोरासारखा निघालोय. पुढे ट्रामचे रूळ. रूळ तिरके घेतले की चाक खाचेत जातं, ते शक्य तितके काटकोनात क्रॉस करायचे असतात, हे गाईडने सांगितलं होतं पण ते पुढच्या चारपाच जणांना, मागे नुसता त्याचा हात हललेला दिसला. मी आपलं सावधपणे उतरून सायकल हातात धरून रूळ ओलांडले, त्यात आधी उलट्या बाजूला बघितलं, आणि मान वर केली तर पलीकडचा सिग्नल लाल आणि ग्रुप गायब.

त्यात मिसेसही गायब, ती पाचव्या का सहाव्या नंबरवर होती.

हरवलं की जागा सोडायची नाही म्हणतात, म्हणून त्या कोपऱ्यावर वीस मिनिटं उभा राहिलो. गाईडचा नंबर बुकिंगच्या मेलमध्ये आणि मेल हॉटेलच्या वायफायवर. शेवटी मडगार्डवर दुकानाच्या पत्त्याचा स्टिकर दिसला, तर येणाऱ्याजाणाऱ्याला सायकलची पाठ दाखवत दाखवत तासाभराने परत पोचलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, टूर कशी झाली? काय सांगणार त्याला.

संध्याकाळी मेल आला, आजच्या आठवणी म्हणून ग्रुप फोटो आणि खाली पाच स्टार द्यायची विनंती. फोटोत मोजून पंधरा डोकी. म्हणजे फोटो काढतानासुद्धा कोणी मोजलं नाही! मिसेस त्या फोटोत आहे, चांगली हसतेय. तिचं म्हणणं, मला वाटलं तू नेहमीसारखा मागे रेंगाळतोयस. यावर घरात अजून चर्चा चालू आहे, तो तुमच्या पेपरचा विषय नाही.

लेखात लिहिलंय की ‘ट्रॅफिकचं गाईड बघून घेतो’. कसं बघून घेतो? साधा हिशोब करा, सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, दोघांमध्ये तेवढंच अंतर धरलं तर सोळा जणांची रांग ५५ मीटरच्या आसपास जाते. ताशी १५ च्या स्पीडने ती एका जागेवरून जायला तेरा सेकंद, तेही कोणी अडखळलं नाही तर, आणि थांबून सुटायचं असेल तर विचारूच नका. गाईडला मागे डोळे नसतात हो. ट्रेकला जाणाऱ्या पोरासोरांनासुद्धा कळतं की पुढे लीड असतो तसा मागे एक स्वीप लागतो, जो कोणाच्याही मागेच राहतो. तो नसेल तर निदान प्रत्येक सिग्नलनंतर थांबून डोकी मोजायची, याला काय खर्च आहे? आणि नियम काही एकट्या गाईडला नसतात. डेन्मार्कमध्ये सायकलवाल्याला गाड्यांबरोबर सरळ डावीकडे वळताच येत नाही, आधी चौक पार करायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं आणि मग वळायचं. थांबताना हात वर करायचा. हे कोपनहेगनमधल्या टूरवर सोळाव्या माणसालाही माहीत पाहिजे, पुढच्याचं बघून मागचा शिकेल म्हणणं म्हणजे पुढचा दिसत राहील हे धरून चालणं.

त्याऐवजी लेखात अर्धा कॉलम कशावर, तर ॲमस्टरडॅमच्या १९६५ च्या पांढऱ्या सायकलींवर आणि पॅरिसच्या वेलिब नावाच्या भाड्याच्या सायकलींवर. अहो त्या कोणीही उचलून चालवायच्या सायकली, त्यांचा आणि गाईडच्या टूरचा काय संबंध? पांढऱ्या सायकलींना तर कुलूपही नव्हतं, पोलिसांनी त्याच कारणाने उचलून नेल्या. वेलिब २००७ ची, ती घेऊन माणूस एकटा निघतो आणि हरवला तर स्वतःच्या जबाबदारीवर हरवतो. मी मार्गदर्शनाचे पैसे भरून हरवलो.

लेखकांना एवढंच विचारायचंय की तुमच्या टूरवर निघताना किती जण होते आणि परत किती आले? मोजले होते का?

कळावे,
एक जुना वाचक
(नाव छापू नये, मिसेस पेपर वाचते)

ता. क. लेखाबरोबरचा मोठा फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलाय. सायकलची चेन उजव्या बाजूला असते, फोटोतल्या सगळ्याच्या सगळ्या सायकलींना डावीकडे आहे, मागच्या पाटीवरची अक्षरंपण उलटी. याआधी पाठवलेल्या पत्राचा शेवट जागेअभावी कापला होता, तेव्हा हे तरी राहू द्या.