भट्ट्या विझल्या त्या गावांविषयी

लक्झेंबर्ग

प्रिय बंड्या,

परवा तू विचारलंस, "अरे, एवढे पगार, एवढ्या सोयी, तरी तिकडचे कामगार उजव्यांना मतं देतात कशी?" फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

इथून सीमा ओलांडली की फ्रान्सचं लोरेन. तिथून लाखाहून जास्त माणसं इकडे कामाला येतात. माझ्या ऑफिसातले निम्मे तिकडचेच, आणि बहुतेकांचे बाप-आजे पोलादातले. 9 मे 1950 ला फ्रान्स-जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका छत्राखाली आणायचा प्रस्ताव मांडणारे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान याच भागातून निवडून यायचे. म्हणजे आजच्या युरोपीय संघाची मुळं या भट्ट्यांत आहेत. मार्शल योजनेच्या पैशातून इथे नवी रोलिंग मिल उभी राहिली, इटली-अल्जीरियातून कामगार आले, पंचवीसेक वर्षं बरकतीत गेली.

मग जहाजं मोठी झाली, परदेशी खनिज स्वस्तात येऊ लागलं. लोरेनच्या खनिजात लोखंड जेमतेम 30 टक्के. समुद्रमार्गे येणारं त्याच्या दुप्पट कसाचं. नवे कारखाने डंकर्क आणि फोसला, बंदरालगत निघाले. 1978 च्या डिसेंबरात हजारो नोकऱ्या कापायची योजना जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी लोरेनमधल्याच लाँग्वी गावातल्या कामगारांनी थेट पोलीस ठाण्यावर हल्ला चढवला. लक्षात घे, तेव्हा इथे आपले लक्ष्मी मित्तलही नव्हते आणि चीनचं पोलादही नव्हतं.

2006 मध्ये मित्तलांनी आर्सेलोर ही युरोपातली बडी पोलाद कंपनी घेतली तेव्हा आपल्या पेपरांनी केवढा जल्लोष केला होता! 2011 मध्ये त्याच कंपनीने लोरेनमधल्या एयांज गावच्या दोन्ही झोतभट्ट्या (खनिजातून लोखंड गाळणाऱ्या) थंड केल्या. फेब्रुवारी 2012 मध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, राष्ट्राध्यक्षपदाचे समाजवादी उमेदवार फ्रांस्वा ओलांद शेजारच्या फ्लोरांजला युनियनच्या गाडीच्या टपावर चढले. मालकाला चालवायचा नसेल तर कारखाना विकायला लावणारा कायदा आणू, म्हणाले. निवडून आले. त्यांच्या एका मंत्र्याने राष्ट्रीयीकरणाची भाषाही केली. शेवटी झाली तडजोड: 629 जणांना सक्तीने घरी बसवणार नाही, पण भट्ट्या बंद. कामगारांनी ओलांदच्या आश्वासनांचं थडगं म्हणून एक शिळाच बसवली, तीवर शब्द कोरला 'विश्वासघात'. हे 2013 चं. 2014 ला एयांजने नॅशनल फ्रंट या कट्टर उजव्या पक्षाचा महापौर निवडला, तोही एकेकाळचा सीजीटी या डाव्या युनियनचा माणूस! 2020 ला पुन्हा तोच.

आता बोल. हे लोक उपाशी नाहीत. कुणाची दुसरीकडे बदली झाली, कुणी लवकर निवृत्ती घेतली, पोरं सीमेपलीकडे चांगलं कमावतात. पण ज्याला मत दिलं त्या राष्ट्राध्यक्षाचं मालकापुढे काही चाललं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. राग तिथला आहे, असं मला वाटतं. महापौर तरी भट्टी कुठे पेटवू शकला? तेही त्यांना कळतं. निदान आपली बाजू घेऊन भांडतो, एवढ्यावर भागवतात. परदेशी माणसांवर राग काढणं मात्र मला पटत नाही, मीही त्यातलाच.

तू येणार असशील तर उन्हाळ्यात ये. 1991 ला विझलेली उकांजची भट्टी आता पाहायला खुली असते, पोरांना घेऊन जाऊ. वहिनींना नमस्कार सांग, आणि येताना गोडा मसाला विसरू नकोस.

तुझाच,
पक्या