जपमाळेचा महिना आणि भातकापणी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर हा पवित्र मरियेच्या जपमाळेचा महिना. ७ तारखेला तिचा सण. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत नेमके याच दिवसांत हळवे भात कापणीला येते. दिवसभर वाकून विळा चालवलेल्या माणसाच्या हातून रात्री माळेची पाच दशके, म्हणजे दहा-दहा ‘नमो मरिया’ प्रार्थनांचे पाच गट, होत नाहीत, आणि पाच होत नाहीत म्हणून एकही होत नाही. माळ खुंटीवरच राहते. हे टाळता येते.

पूर्ण माळेला ५९ मणी. त्यांत ५३ ‘नमो मरिया’ आणि ६ प्रभूच्या प्रार्थना. घाई न करता म्हटल्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. एक दशक मात्र चार मिनिटांत होते. बांधावर बसल्या बसल्या, चिखलाच्या हातांनी माळ धरवत नसेल तर दहा बोटांवर मोजूनसुद्धा होते. थकलेल्या घराने रात्री एकच दशक म्हणावे, पण नीट म्हणावे.

‘नमो मरिया’चा पहिला भाग एकजण म्हणतो आणि उरलेला बाकीचे उत्तरादाखल म्हणतात. बिघडते ते बहुधा हे उत्तर देताना. पुढे म्हणणाऱ्याचा अर्धा भाग संपायच्या आत बाकीचे ‘हे पवित्र मरिये’ सुरू करतात, मग तोही त्यांच्या ‘आमेन’वर आपली पुढची ओळ चढवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दशकापर्यंत निम्मे शब्द गिळलेले असतात. पहिला भाग ‘येशू’ या नावावर संपतो. ते नाव पूर्ण उच्चारून सर्वांनी क्षणभर थांबावे. एवढ्याने गती आपोआप उतरते.

दुसरी चूक रहस्याची, म्हणजे प्रत्येक दशकाला मनन करायच्या येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगाची. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्ये घ्यायची. ही शेवटची पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली जोडली. पण रहस्याचे नुसते नाव पुकारून लगेच मणी ओढले जातात. मननावाचून जपमाळ म्हणजे आत्म्याविना देह, असे पोप सहावे पॉल यांनी १९७४ सालीच बजावले होते. सोमवारचे पहिले रहस्य असेल तर घरातल्या मुलाला बायबलमधील लूक १:२६-३८ (देवदूताचा मरियेला निरोप) मोठ्याने वाचायला द्यावे, मग पाच-सहा श्वास सगळ्यांनी गप्प बसावे. मुले कंटाळत नाहीत. त्यांना काम मिळालेले असते.

रात्रीच्या आत्मपरीक्षणालाही दहा मिनिटे पुरतात. लोयोलाच्या संत इग्नाशियस यांनी त्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत : उपकार मानणे, आपले दोष दिसावेत म्हणून कृपा मागणे, दिवस तासातासाने तपासणे, क्षमा मागणे, उद्याचा निश्चय करणे. बहुतेक जण पहिली पायरी गाळून थेट दोषांवर येतात, आणि ती प्रार्थना न राहता स्वतःला बोल लावणे होते. निश्चयही फार मोठा केला जातो. ‘रागावणार नाही’ हा टिकत नाही. ‘उद्या जाळे ओढताना खलाशांवर ओरडणार नाही’ हा टिकू शकतो, कारण तो पाळला की नाही ते रात्री कळते. आणि हे बसून करावे. अंथरुणावर पडून केले तर दुसऱ्या पायरीलाच डोळा लागतो.

कोळीवाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा सात वाजताची प्रार्थना होडीवरच्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदाही साधत नाही. त्याने घड्याळ सोडून कामाला प्रार्थना बांधावी : नांगर टाकला की एक दशक, जाळी धुऊन झाली की आत्मपरीक्षण.

धर्मग्रामांच्या (चर्चच्या स्थानिक विभागांच्या) समित्यांना कळकळीची विनंती, की वाडीतल्या क्रुसापाशी होणारी जपमाळ या महिन्यात अर्ध्या तासात संपवावी, सूचना आणि वर्गणीचे बोलणे रविवारवर ठेवावे, आणि कोळीवाड्यात वेळ ठरवताना भरतीचे कोष्टक पाहावे.

आपला,
एक वाचक, वसई